आरसी बुकात १९९१ कुठे आहे?



सिनॉप्सिस लिहायचे दिवस आले की एक प्रश्न हमखास विचारला जातो: "कालखंड कुठून कुठपर्यंत घेऊ?" स्वातंत्र्योत्तर भारताच्या आर्थिक किंवा सामाजिक इतिहासावर काम करायचं असेल, तर बहुतेकांचं उत्तर आधीच तयार असतं. १९४७ ते १९९१, नाहीतर १९९१ ते २०२०. मधली रेघ १९९१ वर ठरलेली. का, असं विचारलं की उत्तर येतं, "उदारीकरण झालं ना तेव्हा!" बरोबर आहे, झालं. पण ते तुमच्या विषयात त्याच साली झालं का, हे तुम्ही तपासलंय का?

आज ही रेघ आपण एका घरगुती वस्तूवर तपासून बघू. ती वस्तू म्हणजे चारचाकी गाडी. गाडीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आधी लायसन्स राज होतं, गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा, अँबेसेडर आणि फियाट एवढाच काय तो पर्याय. मग १९९१ आलं, बाजार खुला झाला, मालक मोकळा झाला. या गोष्टीत खरेपणा आहेच. पण ती सांगितली जाते कारखान्याच्या आणि धोरणाच्या बाजूने. आपण मालकाच्या बाजूने बघू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला ते तपासता येईल. गाडीवरचं सरकारी नियंत्रण १९९१ साली संपलं नाही. त्याने जागा बदलली. आधी ते गाडी घेण्यावर होतं, नंतर ते गाडी वापरण्यावर आलं. आणि हा बदल व्हायला साधारण १९७५ ते २००० अशी पंचवीस वर्षं लागली.

फाइल उघडा

तुमच्या घरात, नाहीतर ओळखीच्या कुणाकडे, जुन्या गाडीची फाइल असेलच. ती उघडा. आत आरसी बुक असतं, विम्याच्या पॉलिसी असतात, टॅक्सच्या पावत्या, पीयूसीच्या चिठ्ठ्या, कर्ज असेल तर बँकेचं पत्र, गाडी दुसऱ्याकडून घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती, आणि तळाशी गॅरेजची बिलं.

खेड्यात जमिनीचा सातबारा वाचता येणारी माणसं असतात. मालक कोण, पीक कोणतं, इतर हक्कात कोणाचा बोजा, हे ते एका नजरेत सांगतात. आरसी बुक हा गाडीचा सातबारा समजा. त्यात मालकाचं नाव आहे, इंजिन आणि चॅसिस नंबर आहे, कर्जाचा बोजा आहे, मालकी बदलली असेल तर तीही नोंद आहे. आणि यातला प्रत्येक कागद कधीतरी पहिल्यांदा सक्तीचा झाला. त्या तारखा ओळीने मांडल्या की मालकाच्या बाजूचा कालखंड आपोआप समोर येतो.

चला, मांडू.

पहिला थर: १९१४ ते १९४६

देशभरासाठी मोटारींचा पहिला कायदा १९१४ चा. नोंदणी आणि चालवण्याचा परवाना या दोन गोष्टी तिथे पक्क्या झाल्या. मुंबई इलाख्यात १९३५ साली मोटार वाहन कराचा वेगळा कायदा आला. मग १९३९ चा मोटार वाहन कायदा आला, आणि तो पुढे पन्नास वर्षं चालला.

१९३९ च्या कायद्यातलं एक प्रकरण मात्र लगेच लागू झालं नाही. ते होतं त्रयस्थ पक्षाच्या विम्याचं, म्हणजे आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो ते. त्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून सुरू झाली. ही तारीख नीट बघा. तोवर गाडी ही मालक आणि सरकार या दोघांमधली बाब होती. १९४६ पासून रस्त्यावरचा अनोळखी माणूसही त्या फाइलीत आला. तुमच्या गाडीने त्याला इजा झाली तर भरपाईची सोय आधीच केलेली असली पाहिजे, असं कायद्याने ठरवलं. माझ्या मते मालकीच्या इतिहासातला हा फार मोठा टप्पा आहे, आणि तो स्वातंत्र्याच्याही आधीचा आहे. १९४७ पासून सुरुवात करणाऱ्या सिनॉप्सिसमधून तो सरळ गळून पडतो.

दुसरा थर: गाडी घेण्यावरचा ताबा

आता लायसन्स राज. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे जागा नाही, ज्यांच्याकडे देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच थांबावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. कारच्या बाजारात मुख्यतः तिघे उरले: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड.

गाड्या किती निघत होत्या? सत्तरच्या दशकात सगळ्या कारखान्यांचं मिळून वर्षाचं उत्पादन पन्नास हजारांच्या आतच राहिलं. अख्ख्या देशासाठी. मग रांग लागणारच. १९५९ साली सरकारने मोटारींच्या वाटप आणि विक्रीवर नियंत्रण ठेवणारा हुकूम काढला. नोंदणीच्या क्रमाने गाडी, काही कोटा सरकारी कामासाठी, असा सगळा हिशेब. १९६९ साली तर कारच्या विक्रीकिमतीही कायद्याने बांधल्या गेल्या.

कंपन्या याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७१ चा 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार' हा निकाल इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावा. एक फियाट बनवायला खर्च किती येतो, त्यावर कंपनीला किती नफा द्यायचा, याचा खल न्यायालयात झाला. कंपनीच्या वार्षिक अहवालात जे आतलं सहसा सापडत नाही, ते कधीकधी निकालपत्रात सापडतं. तुमचा विषय कोणताही असो, कोर्टाचे निकाल ही साधनसामग्री आहे हे विसरू नका.

किंमत बांधली आणि पुरवठा वाढला नाही, की काय होतं ते आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. वापरलेली फियाट नव्या फियाटच्या सरकारी किमतीपेक्षा महाग. मुंबईच्या बोलीत 'ऑन' द्यायचा. नंबर लागलेल्याच्या हातात गाडीबरोबर एक छोटी लॉटरीही यायची.

मग हे नियंत्रण कधी सैल झालं? किमतींवरचा कायदेशीर ताबा सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, १९७५ साली उठला. १९९१ च्या सोळा वर्षं आधी. पहिली भेग इथे पडली.

मधला मुक्काम: गॅरेज

इथे जरा थांबून गॅरेजच्या बिलांकडे बघू. संशोधनात ती आपण सर्वांत शेवटी बघतो.

फियाट ११०० चं इंजिन १०८९ सीसीचं. कार्ब्युरेटर, कॉन्टॅक्ट पॉइंट, स्टिअरिंगजवळचा गिअर. हीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने निघत राहिली. साचा तोच असल्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या गाडीला आजचा पार्ट बसायचा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, इथे नव्या-जुन्या पार्टचे बाजार यावरच पोसले. इंजिन थकलं की बोअर करायचं, रिंग-पिस्टन घालायचे, लेथवाल्याकडून एखादा भाग करून घ्यायचा, टायर रिमोल्ड करायचे. गाडी बदलायचा विचार नंतर, आधी इंजिन उतरवायचं.

यात नुसती काटकसर नव्हती, हिशेबही होता. जुन्या गाडीला बाजारात भाव होता, त्यामुळे तिच्यावर केलेला खर्च वाया जात नव्हता. रांगेने नव्या गाडीची वाट अडवली आणि त्याच रांगेने मिस्त्रीच्या हाताला किंमत आणली.

सुधारणाही गॅरेजमध्येच व्हायच्या. डायनॅमो काढून ऑल्टरनेटर बसवणं, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावणं ही रोजची कामं. पेट्रोल परवडेनासं झाल्यावर अँबेसेडरमध्ये डिझेल इंजिन घातलं जायचं, अनेकदा मॅटॅडोरचं. ते आकुर्डीच्या बजाज टेम्पोचं वाहन. कायद्यात अशा बदलासाठी आरटीओला कळवून मंजुरी घ्यायची सोय होती. मंजुरी मिळाली की आरसी बुकात नव्या इंजिनाचा नंबर चढायचा. म्हणजे गाडी कशी असावी हे ठरवण्यात मालक आणि मिस्त्री यांचा वाटा होता, आणि सरकार तो नोंदवून घेत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८३: रांग संपली का?

स्वस्त गाडीची चर्चा जुनी. १९६० साली एल. के. झा समितीनेही कमी किमतीच्या गाडीचा विचार केला होता. प्रत्यक्षात गाडी आली १४ डिसेंबर १९८३ ला. सरकारच्या मारुती उद्योगाने जपानच्या सुझुकीबरोबर काढलेली मारुती ८००, किंमत सुमारे ४७,५०० रुपये.

पण मालक होण्याची रीत बघा. दहा हजार रुपये अनामत भरायची, नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. सव्वा लाखाहून जास्त लोकांनी नोंदणी केली आणि क्रम सोडतीने ठरला. रांग तीच होती, फक्त आता ती पुढे सरकत होती. आणि हे घडवलं ते सरकारी कंपनीने, सरकारी परवान्याने, १९९१ च्या आठ वर्षं आधी. मध्यमवर्गीय घरात गाडी कधी आली, याचं उत्तर शोधताना ही तारीख १९९१ पेक्षा जास्त कामाची आहे.

आणि १९९१?

आता मुद्द्याचं वर्ष. २४ जुलै १९९१ ला नवं औद्योगिक धोरण जाहीर झालं आणि बहुतेक उद्योगांची परवान्यातून सुटका झाली. बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हे. परवाना सक्तीचा राहील अशा उद्योगांची एक यादी त्या धोरणाला जोडलेली होती. त्या यादीत मोटारगाड्या होत्या.

परत वाचा. ज्या धोरणामुळे गाडीचा मालक मोकळा झाला असं आपण लिहितो, त्याच धोरणाने मोटारगाडीला परवान्यात अडकवून ठेवलं होतं. कार उद्योग परवानामुक्त झाला १९९३ साली. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात कारवरचं उत्पादन शुल्क बरंच खाली आलं. देवू सिएलो १९९५ मध्ये आली, फोर्ड एस्कॉर्ट १९९६ मध्ये, ह्युंदाईची सँट्रो आणि टाटांची इंडिका १९९८ मध्ये. बाहेरून गाडी आणण्यावरचे संख्यात्मक निर्बंध तर १ एप्रिल २००१ ला उठले.

मग १९९१ साली मालकाच्या फाइलीत काय आलं? दोन गोष्टी. पहिली, पेट्रोलचं वाढलेलं बिल. त्या जुलैच्या अर्थसंकल्पात पेट्रोलचा दर वीस टक्क्यांनी वाढवला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला रुपयाचं अवमूल्यन झालं होतं, त्यामुळे परदेशी भागांवर चालणाऱ्या गाड्यांचा खर्चही वाढला. दुसरी गोष्ट, धूर. नव्या पेट्रोल गाड्यांच्या धुरातले घटक मोजून त्यावर मर्यादा घालणारे नियम १९९१ पासून लागू झाले, डिझेलचे १९९२ पासून.

म्हणजे फाइलीत १९९१ सापडतं, पण ते वाढलेला खर्च आणि नवा नियम म्हणून सापडतं. मोकळीक कुठे दिसत नाही.

तिसरा थर: गाडी वापरण्यावरचा ताबा

आता फाइलीतली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तारीख. १ जुलै १९८९. या दिवशी १९८८ चा मोटार वाहन कायदा अमलात आला. रस्त्यावर तिची खूण आजही दिसते. मुंबई-महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांवर तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असायचे. नव्या कायद्याने राज्याचं नाव आणि आरटीओचा क्रमांक आला: पुण्याचं एमएच-१२, कोल्हापूरचं एमएच-०९, नागपूरचं एमएच-३१. आज गावाची ओळख म्हणून आपण हे आकडे मिरवतो, पण ते आले एका कायद्यातून.

पाटीपेक्षा मोठा बदल आत होता. कलम ४१ ने खासगी गाडीच्या नोंदणीपत्राला पंधरा वर्षांची मुदत घातली आणि त्यापुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण ठेवलं. त्याच वर्षीच्या केंद्रीय नियमांनी पीयूसीची चिठ्ठी फाइलीत आणली. गाडीला आता कागदावर वय आलं आणि श्वासाची तपासणी आली.

यापुढे तारखा भराभर येतात. १९९४ पासून नव्या गाड्यांत पुढच्या सीटला पट्टे. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसेमुक्त पेट्रोल. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल. २००० पासून भारत स्टेजच्या पायऱ्या सुरू. २००२ साली डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने इंधन आणि धूर यांचा एकत्र आराखडा दिला. भारत स्टेज चार १ एप्रिल २०१७ ला देशभर, आणि पाचवी पायरी गाळून थेट सहा १ एप्रिल २०२० ला.

या नियमांमागे कारणं होती, हे विसरून चालणार नाही. शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं, धुराने श्वासाचे आजार होतात. मुंबईत धुराने त्रासलेले नागरिक नव्वदच्या दशकाच्या शेवटी उच्च न्यायालयात गेले होते. १९४६ साली अपघातग्रस्त अनोळखी माणूस फाइलीत आला होता. आता त्या हवेत श्वास घेणारे सगळेच आले. वापरावरचा ताबा म्हणजे नुसता सरकारचा जाच, असं लिहिलंत तर तेही अर्धंच होईल.

या बदलाची किंमत कुणी दिली?

इथे संशोधनाचा खरा प्रश्न उभा राहतो.

धुराचे नियम कडक झाले तसा कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. मारुती ८०० मध्येसुद्धा २००० च्या सुमारास हा बदल झाला. कानाने इंजिन ऐकून ट्यूनिंग करणाऱ्या मिस्त्रीच्या जागी स्कॅनर आला. रस्त्याकडेचं गॅरेज मागे पडलं आणि कंपनीचं वर्कशॉप पुढे आलं. गाड्या भरपूर मिळू लागल्यावर जुन्या गाडीचा भाव पडला आणि जुनी गाडी टिकवण्याचा हिशेबच उलटा झाला.

बदल करून घेण्याचा अधिकारही आक्रसला. कायद्याचं कलम ५२ बघा. २००० सालच्या दुरुस्तीनंतर त्याचा सूर असा झाला की उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी रचना करता येणार नाही. मंजूर नमुन्याचं सीएनजी किट बसवणं यासारखे मोजके अपवाद ठेवले. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. म्हणजे गाडी कशी असावी हे ठरवण्यातला मालक-मिस्त्रीचा वाटा आता उत्पादकाकडे आणि त्याला मंजुरी देणाऱ्या चाचणी संस्थांकडे गेला. अशी एक संस्था, एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे, १९६६ पासून.

सगळ्यात बोलकं उदाहरण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. ही गाडी गॅरेजमध्ये मेली नाही. हिचा शेवट कागदावर ठरलेला होता आणि त्याची तारीख वीस वर्षं आधीपासून माहीत होती. १९७५ चा मालक "ही अजून चालते का?" असं मिस्त्रीला विचारत होता. २०२३ चा मालक "ही अजून चालवता येते का?" असं आरटीओला विचारतो. माझ्या दृष्टीने या दोन प्रश्नांमधलं अंतर हाच या विषयाचा इतिहास आहे.

खासगी गाडीचंही तेच. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार रुपये झाली. वर महाराष्ट्रात पर्यावरण कर. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट. नव्या गाडीवाल्याला हे जाणवत नाही. जाणवतं ते पाचव्या-सहाव्या हाताने जुनी गाडी घेणाऱ्याला, म्हणजे ज्याला या स्वस्त जुन्या गाडीमुळेच मालक होता येत होतं त्याला. रांगेच्या काळात गरीब ग्राहक दारातच अडायचा. आता त्याला आत येता येतं, पण टिकून राहणं महाग पडतं.

आक्षेप घ्या

तुम्ही म्हणाल, "१९९३ चा निर्णय १९९१ मुळेच झाला ना? मग दोन वर्षं इकडे-तिकडे झाली तर काय बिघडलं?" आक्षेप चांगला आहे, व्हायवात कुणीतरी विचारेलच. कारणांच्या साखळीत १९९१ आहे, हे मान्य. कारखान्यांवर, गुंतवणुकीवर, परदेशी भागीदारीवर प्रबंध लिहिणाऱ्याने ही रेघ जरूर वापरावी, फक्त १९९३ विसरू नये. पण मालकीवर लिहिणाऱ्याला १९४६, १९७५, १९८३, १९८९ आणि २००० या तारखांनी जास्त काही कळतं. त्या पाच तारखांपैकी चार १९९१ च्या आधीच्या आहेत. आपण १९९१ वर रेघ मारली की वापरावरचं नियंत्रण हे 'मोकळ्या' काळातलं काहीतरी विचित्र अपवादात्मक वाटायला लागतं. खरं तर ती जुनीच गोष्ट, जागा बदलून आलेली.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. फाइल ही मालकाची असते. ज्याला कधीच गाडी घेता आली नाही, त्याची फाइल नसते. बोअर करणाऱ्या कारागिराचं नाव बिलावर अनेकदा नसतं, ड्रायव्हरचं तर कुठेच नसतं. गाडी कुणाच्या नावावर आणि चालवतं कोण, घरातल्या बाईच्या नावावर ती असली तरी निर्णय कुणाचा, हे आरसी बुक सांगणार नाही. त्यासाठी मुलाखती घ्याव्या लागतील, वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती चाळाव्या लागतील, बाजारात उभं राहावं लागेल.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

शेवटी कामाचं. कालखंड ठरवताना ही चार कामं करा.

एक, तुमच्या विषयातला एक साधा कागद निवडा. शेतीवर काम करत असाल तर पीककर्जाची पावती, शिक्षणावर असाल तर शाळा सोडल्याचा दाखला, गिरणी कामगारांवर असाल तर हजेरीकार्ड. तो कागद सक्तीचा कधी झाला, त्याचे रकाने कधी बदलले, याच्या तारखा काढा.

दोन, मूळ कायदा आणि तो अमलात आल्याची तारीख वेगवेगळी नोंदवा. कायदा १९८८ चा, अंमल १९८९ चा. विम्याचं प्रकरण १९३९ चं, सक्ती १९४६ ची. या सात वर्षांत काय चाललं होतं, यावर एक स्वतंत्र शोधनिबंध होऊ शकतो.

तीन, धोरणाच्या भाषणावर थांबू नका, त्याला जोडलेली परिशिष्टं वाचा. १९९१ च्या धोरणातली मोटारगाडी परिशिष्टात होती. राजपत्र, संसदेतल्या चर्चा आणि न्यायालयांचे निकाल आज ऑनलाइन मिळतात, तालुक्याच्या गावात बसूनही हे काम होतं.

चार, प्रत्येक तारखेपुढे लिहा: यामुळे कुणाच्या हातातला निर्णय कुणाच्या हातात गेला? उत्तर लिहिता येत नसेल, तर ती तारीख फक्त माहिती म्हणून ठेवा, कालखंडाची रेघ म्हणून वापरू नका.

एवढं करून शेवटी तुमची रेघ १९९१ वरच आली तर बिनधास्त ठेवा. फक्त मग सिनॉप्सिसमध्ये त्या रेघेचं कारण तुमच्या साधनांमधून दाखवा. समितीसमोर "उदारीकरण झालं ना तेव्हा" या उत्तरापेक्षा ते नक्कीच भारी पडेल.